ढकललं का धरलं?

२००८च्या लग्नसराईत धम्मपालनं नवा कॅमेरा घेतला. दहा वर्षं त्यानं कॅसेटच्या कॅमेऱ्यावर कसबा बावड्यातली निम्मी लग्नं काढली होती. नव्याला कॅसेटच नव्हती, अंगठ्याच्या नखाएवढं कार्ड होतं. चित्र मात्र असं स्वच्छ की नवरीच्या भुवईवर अडकलेला अक्षतेचा दाणासुद्धा दिसावा.

नव्या कॅमेऱ्यावरचं पहिलंच लग्न गणपतरावांच्या अनुजाचं. नवरा मुलगा यशराज, मलकापूरचा. लग्न झ्याक पार पडलं. फक्त शेवटी, घरच्यांच्या फोटोच्या वेळी, अनुजाचे वडील गणपतराव स्टेजवरून खाली गेले ते पायऱ्या सोडून. त्यांच्यामागोमाग यशराजचे चुलते सयाजीरावही गेले. दोघं पडले खुर्च्यांच्या चळतीवर, सयाजीराव वर आणि गणपतराव खाली.

"ह्यानं मला ढकललं!" गणपतराव खुर्च्यांतूनच ओरडले.

"आवो, मी धरत हुतो!" सुजलेलं मनगट पोटाशी घेऊन सयाजीराव म्हणाले.

झालं. सयाजी माफी मागत नाही तोवर मलकापुरात पाय ठेवणार नाही, असं गणपतरावांनी भर मांडवात जाहीर केलं. त्यांची बहीण बायडाबाई त्यांच्याहून मोठ्या आवाजाची. ती म्हणाली, "मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. ढकललाच त्येनं!" अनुजा सासरी गेली ती रडत, आणि ते रडणं नेहमीचं नव्हतं.

धम्मपालला मात्र काहीच दिसलं नव्हतं. कॅमेरा स्टँडवर चालू ठेवून तो मागच्या रांगेतल्या मावश्यांना जवळ सरकवत होता. म्हणजे खरं काय ते कॅमेऱ्यालाच ठाऊक.

त्यानं कार्डातलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. कॅमेरा घेऊन त्याचा भाऊ प्रसेनजीत चार दिवसांसाठी राधानगरीच्या लग्नांना निघून गेला, म्हणजे कॅमेऱ्यातच लावून बघायची सोयही गेली. आणि मग धम्मपालनं मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लग्न लावलं.

लग्न चालेचना! यशराज एक पाऊल टाकायचा आणि दुसरं टाकू की नको, असा अर्धं मिनिट विचार करत उभा राहायचा. अक्षता हवेतच थांबायच्या. मंगलाष्टकं संपून वाजंत्री सुरू व्हायची, तरी पडद्यावर अंतरपाट धरलेलाच. जुन्या कॅसेटची लग्नं याच मशीनवर कशी पळायची!

धम्मपालनं मशीनची मेमरी वाढवली. गेम काढून टाकले. विंडोज नव्यानं टाकली. डब्याचं झाकण उघडून समोर टेबलफॅन लावला, त्यानं लग्नपत्रिका तेवढ्या उडाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी गणपतराव आणि बायडाबाई दुकानात येऊन बसले.

"धम्मा, पुरावा दाव."

"तात्या, मशीन अडतंय. दोन दिस थांबा की."

"अडू दे. जेवढं दिसतंय तेवढं दाव."

धम्मपालनं नाइलाजानं तो तुकडा लावला. पडदा काळा झाला, हिरवा झाला आणि मग एकच चित्र येऊन घट्ट बसलं. गणपतराव कडेला कललेले, डोळे पांढरे, फेटा मागं गेलेला. आणि सयाजीरावांचा पंजा त्यांच्या पाठीवर.

"बघ! बघ! पंजा बघ!" गणपतराव स्टुलावरून उठलेच.

"मी काय म्हणत हुते?" बायडाबाई म्हणाली.

"तात्या, त्ये अडकलेलं चित्र हाय. फुडं-मागं काय झालं..."

पण ऐकतो कोण? दुपारपर्यंत सगळ्या बावड्यात पंजा पोचला. संध्याकाळी मलकापुराहून अनुजाचा फोन धम्मपाललाच आला. "दादा, तुम्ही काय दाखवलंत वो माझ्या आबांना? हितं चुलतसासऱ्यांनी जेवण सोडलंय."

आपण खोटं काही दाखवलं नाही, आणि खरंही दाखवलं नाही, हे धम्मपालला टोचत होतं. त्याची बायको संघप्रिया शाहूपुरीत फ्लेक्सच्या दुकानात डिझाईन करायची. तिनं त्याची फाइल बघितली, तिचा आकार बघितला, मग टेबलफॅनकडं बघितलं.

"आवो, एवढी अवजड फाइल तशीच लावलीसा व्हय?"

"मग कशी लावू?"

"आमच्याकडं वीस फुटी फ्लेक्स असतो. मधे साहेब, खाली साठ कार्यकर्ते. साठ जणांचे मोठे फोटो घिऊन बसले तर मशीन मान टाकतंय. मी आधी सगळ्यांच्या बारक्या कॉप्या करते, त्यावर डिझाईन जुळवते. छापायच्या येळंला त्याच जागी मोठे फोटो बसवते. नावं मात्र तीच ठेवायची, न्हायतर एकाच्या नावावर दुसऱ्याचं डोकं."

धम्मपालनं टेबलफॅन बंद केला. "आन् हे तू तीन दिस सांगितलं न्हाईस?"

"तुमी इचारलंसा कुठं? तुमी फॅन लावत हुतासा."

दुसऱ्या दिवशी त्यानं एकेका तुकड्याची बारकी प्रत काढायला लावली. मशीन सकाळपासून चार वाजेपर्यंत घरघरत होतं. चित्र थोडं पिठूळ, धूसर झालं खरं, पण लग्न पळायला लागलं! यशराज तरातरा चालला, अक्षता पडल्या, अंतरपाट वेळेवर गेला. धम्मपालनं शेवटचा तुकडा लावला, तीनदा बघितला आणि गणपतरावांना बोलावणं धाडलं.

भाऊबहीण पुन्हा येऊन बसले. पडद्यावर गणपतराव खाली पडलेला हार उचलायला वाकले. गुडघ्यापर्यंत रुळणारा त्यांच्या फेट्याचा शेमला जमिनीला टेकला. फोटोत पुढं यायला एक बाई दोन पावलं सरकली आणि शेमल्यावर ठाम उभी राहिली. गणपतराव उठायला गेले, मान मागं हिसकली, तोल गेला. चार हात अंतरावरून सयाजीराव झेपावले, त्यांनी पाठीला पंजा लावला आणि वजनासकट तेही गेले. ती बाई मात्र कॅमेऱ्याकडं बघून हसत होती.

गणपतराव स्टूल घेऊन पडद्याजवळ सरकले.

"परत लाव," गणपतराव म्हणाले. परत लावलं. "परत."

तिसऱ्या खेपेला त्यांनी सावकाश मान वळवली. "बायडे, ती कोण गं?"

"पिठूळ दिसतंय. वळखू येत न्हाय," बायडाबाई म्हणाली आणि पदर सावरत उठली. "दूध तापायला ठिवलंय मी."

ती गेल्यावर गणपतराव कपाळ चोळत म्हणाले, "चांगला माणूस हाय रं तो. मी खालनं त्येला शिव्या देत हुतो, आन् त्यो इचारत हुता, लागलं का म्हणून."

धम्मपालनं मिक्सिंग पुरं केलं, बारक्या प्रतींच्या जागी मूळ फाइली बसवल्या आणि सीडी काढली. रविवारी तो गणपतरावांबरोबर मलकापूरला गेला. गणपतरावांनी दारातच सयाजीरावांचं प्लॅस्टरमधलं मनगट दोन्ही हातांत धरलं. माफीचं वाक्य त्यांनी वाटेत एसटीत चारदा म्हणून बघितलं होतं, पण ते काही तोंडातून आलं नाही. "चुकलं," एवढंच आलं.

"आवो, आदी आत तर या," सयाजीराव म्हणाले.

जेवणं झाल्यावर धम्मपालनं सगळ्यांदेखत विचारलं, "पडायचा तुकडा कापून टाकू का?"

गणपतराव पटकन म्हणाले, "काप की! कशाला ठेवतूस?"

"खबरदार!" सयाजीराव म्हणाले. "अख्ख्या लग्नात मी एकच काम केलंय. त्ये बी कापतूस व्हय?"

अनुजा तोंडाला पदर लावून आत पळाली. तिचं हसू बाहेरपर्यंत ऐकू येत होतं.