गेलेल्याचा नंबर

धाकट्याला घरात सगळे ‘शास्त्रज्ञ’ म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे त्याला सोडून सगळ्यांना कळत होतं. कंपनीने नारळ दिल्यावर तो पुन्हा बाबांच्या घरी राहायला आला, आणि बरेच दिवस सोफ्यावर लोळून झाल्यावर थोरल्या बहिणीने त्याला आपल्या दवाखान्यात खुर्ची दिली. ताई जनावरांची डॉक्टर. पुढे तपासणीची खोली, मागे पिंजऱ्यांची लांबलचक खोली. आजारी जनावरं तिथेच आणि मालक बाहेरगावी गेले म्हणून ठेवलेलीही तिथेच. “नोंदी ठेवायला एक प्रोग्रॅम लिहून दे,” ताई म्हणाली, “आणि निदान तेवढं तरी शेवटाला ने.”

त्याने नेलं, हे कबूल करायला हवं. प्रोग्रॅम चालायचा आणि झटपट चालायचा. वेगळा सर्व्हर नाही, देखभालीला माणूस नाही. सगळा डेटाबेस म्हणजे प्रोग्रॅमच्याच पोटात बसणारी एक फाइल. तिचा स्वभाव मोठा गरीब. वजनाच्या रकान्यात आकडा यायचा, तिथे रिसेप्शनवरच्या मुलीने एकदा ‘बऱ्यापैकी’ असं लिहिलं, तर तेही तिने निमूट ठेवून घेतलं. सांगाल ते ऐकायचं आणि सांगितलं नाही ते आपण होऊन करायचं नाही, असा तिचा खाक्या. असल्या डेटाबेसशी काम करताना माणसाने स्वतः शहाणं असावं लागतं. धाकटा स्वतःला शहाणा समजत होता, आणि ती गोष्ट अगदी वेगळी.

जुन्या ऑफिसातली एक चष्मेवाली मैत्रीण होती. तिला त्याने सगळा कोड पाठवला, शाबासकी मिळेल या आशेने. तिचा फोन आला.

“दोन गोष्टी आहेत,” ती म्हणाली. “शेवटची नोंद पुसलीस, तर तिचा नंबर पुढच्या नव्या नोंदीला मिळणार. एकदा दिलेला नंबर पुन्हा देऊ नको, हे नोंदींचं टेबल बनवतानाच सांगावं लागतं. आणि दुसरं, जनावर पुसलं तरी त्याच्या नंबरावर टाकलेली कामं दुसऱ्या टेबलात तशीच राहतात. ती सांगड तपासायची असते, हे दर वेळी फाइल उघडताना सांगावं लागतं. तू कुठेच सांगितलेलं नाहीस.”

“अगं, जनावरांचा दवाखाना आहे, बँक नव्हे,” धाकटा म्हणाला. “कुत्री काय तक्रार करणार आहेत?”

ती हसली नाही. तो मात्र स्वतःच्या विनोदावर पोटभर हसला आणि जेवायला गेला.

ताईने मागितलं होतं की रोजच्या कामांच्या यादीत जनावराचं नाव आणि फोटो दिसावा. त्यालाही त्याने नकार दिला. “नावं चार सारखी निघतात, ताई. नंबर एकाचा एकच.” यादीत मग फक्त नंबर आणि काम. नोकरांना त्याने एका ओळीत तालीम दिली: स्क्रीनवर दिसेल ते करायचं, डोकं आधीच लावून ठेवलेलं आहे. म्हाताऱ्या कंपाउंडरला दर गोष्ट दोनदा विचारायची खोड होती. त्याला धाकट्याने एकदा सगळ्यांच्या देखत सुनावलं, “तुझ्यापेक्षा त्या पडद्याला जास्त कळतं.” तेव्हापासून कंपाउंडर कमी विचारायला लागला.

आता बाबांच्या कुत्र्याबद्दल सांगायला हवं. कुत्र्याचं नाव शेठ. आई गेल्यावर बाबांनी त्याला पिल्लू असताना आणलं आणि पहिल्या दिवसापासून अहो-जाहो सुरू केलं. “शेठ, उठा, दूध घ्या.” आणि लगेच त्याच दमात सोफ्याकडे वळून, “अरे, उठ की, उन्हं आली तोंडावर!” शेठ झोपत धाकट्याच्या जुन्या खोलीत, त्याच्याच पलंगाखाली, आणि बाबांनी ती खोली काही केल्या रिकामी करून दिली नाही. धाकटा जेवताना म्हणायचा, “हा एकदाचा गेला की मला माझी खोली मिळेल.” ताईसमोर म्हणायचा, शेजारच्या काकूंसमोर म्हणायचा, हसत म्हणायचा. खरं तर त्याच्या मनात कुत्र्याचा राग नव्हता. हेवा होता, आणि कुत्र्याचा हेवा वाटतो हे कबूल करण्यापेक्षा रागाचं सोंग बरं, असं त्याला वाटे. बाबांनी एकदा, फक्त एकदा, ‘हे माझ्या मुलाने केलं’ असं चारचौघांत म्हणावं, यासाठी त्याचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

त्या आठवड्यात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. एका डोळ्याने त्यांना आधीच फारसं दिसत नव्हतं, दुसऱ्याचं ऑपरेशन. आधी दोन दिवस आणि नंतरही काही दिवस ताईकडे राहायचं. ताईच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांनी दम लागायचा, आणि घरी दिवसभर कुणी नसणार, म्हणून शेठची रवानगी दवाखान्यात. बाबांनी साखळी धाकट्याच्या हातात दिली. “नवीन जागा आहे, घाबरतील. लक्ष ठेवशील ना?”

“हो बाबा.”

“तुझ्यावर सोडतोय.”

हे शब्द धाकट्याने दवाखान्यापर्यंत मनात घोळवले. तिथे पोचल्यावर साखळी रिसेप्शनच्या मुलीकडे दिली आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसला.

त्याच संध्याकाळी, धाकटा शेठला आणायला घरी जाण्याआधी, दवाखान्यात आणखी एक गोष्ट घडली होती. एका काळ्या कुत्र्याच्या पोटात गाठ होती, सुटका नव्हती. मालकाने त्याला कायमचं झोपवायला संमती दिली, पण त्याचा मुलगा निरोप घ्यायला यायचा होता, म्हणून ताईने इंजेक्शन परवा दुपारचं लावलं. यादीत काम पडलं: नंबर दोनशे अठरा, शेवटचं इंजेक्शन, संमती घेतली. मग मालकालाच राहवेना. तो डोळे पुसत आला, “जाऊ दे डॉक्टर, घरीच जाऊ दे त्याला,” म्हणाला आणि कुत्र्याला उचलून घेऊन गेला. ताई निघायच्या घाईत होती. “नोंद काढून टाक रे, उगाच दिसत राहील,” तिने सांगितलं, आणि धाकट्याने बटण दाबून ती शेवटचीच नोंद पुसली. काळा कुत्रा फाइलीतून गेला. त्याचं काम गेलं नाही. ते दुसऱ्या टेबलात तारीख धरून बसून राहिलं. त्यानंतरची पहिलीच नोंद मुलीने शेठची केली, आणि गरीब स्वभावाच्या फाइलीने मोकळा झालेला नंबर नव्या पाहुण्याला देऊन टाकला. मुलीने दोनशे अठराचा बिल्ला छापून शेठच्या पट्ट्याला अडकवला.

परवा दुपार आली. ताई बाबांबरोबर डोळ्यांच्या इस्पितळात होती. तिच्या जागी दुपारचा डॉक्टर आला होता, तासावर काम करणारा, इथला कुणीच ओळखीचा नसलेला. कंपाउंडर रजेवरून त्याच सकाळी परतला होता. आणि धाकट्यापुढे वेगळंच लफडं होतं. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही कॉम्प्युटरवरून एकाच वेळी कुणी लिहायला गेलं की प्रोग्रॅम ‘डेटाबेस लॉक आहे’ म्हणून हटून बसत होता. रिसेप्शनची मुलगी बाहेरून ओरडत होती, रांगेतलं मांजर ओरडत होतं, आणि धाकट्याने कानात इअरफोनची बोंडं घालून कोडमध्ये मुंडकं खुपसलं होतं.

कंपाउंडर साखळी धरून दारात आला. त्याच्या हातून साखळी ताणली गेली, कारण कुत्र्याने ओळखीचा वास घेतला होता. तो खेचत खेचत टेबलाखालून आला आणि त्याने धाकट्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. दोन दिवस त्याने धड खाल्लं नव्हतं. शेपूट मात्र जोरात हलत होतं.

“साहेब,” कंपाउंडर म्हणाला, “दोनशे अठरावर शेवटचं इंजेक्शन दाखवतंय. हा तर बरा दिसतोय हो.”

धाकट्याने एका कानातलं बोंड काढलं. नजर पडद्यावरच होती. “पट्ट्यावरचा नंबर जुळतो का?”

“जुळतो.”

“डॉक्टरांना विचारलंस?”

“ते म्हणाले, मोठ्या बाईंनी लावलंय, संमती आहे, आपण कोण नाही म्हणणार.”

“मग माझं डोकं का खातोस? ने आत.” आणि त्याने गुडघ्याने ते डोकं बाजूला सारलं. खाली एकदासुद्धा पाहिलं नाही.

लॉकचा प्रश्न सुटला. थोडं थांबून पुन्हा लिहायचा प्रयत्न कर, असं प्रोग्रॅमला सांगायचं विसरलं होतं, एवढंच. धाकटा खूश होऊन हातपाय ताणत होता, तोच ताईचा फोन आला. ऑपरेशन छान झालं. “बाबा शुद्धीवर आल्या आल्या शेठचं विचारतायत. जेवले का म्हणे.”

“बघून सांगतो,” म्हणून तो शीळ घालत मागच्या खोलीत गेला. पिंजरा रिकामा होता. आतल्या खोलीत स्टीलच्या टेबलावर शेठ आडवे पडले होते आणि कंपाउंडर त्यांच्यावर चादर ओढत होता.

धाकट्याच्या हातातला फोन अजून चालूच होता, ताई “हॅलो, हॅलो” करत होती. त्याने तो बंद केला, जागेवर परत जाऊन फाइल उघडली आणि दोन्ही टेबलं शेजारी शेजारी लावली. काम आधीचं, कुत्रा नंतरचा. मरणाचा हुकूम कुत्रा दाखल होण्याच्या आधी निघालेला होता. चष्मेवालीचा शब्द न् शब्द खरा ठरला होता, आणि तक्रार करायला कुत्रा उरला नव्हता. तो ढसाढसा रडला. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या कुत्र्यासाठी रडला, आणि निम्मं स्वतःसाठी.

ताई आली तेव्हा त्याने तिला सगळं दाखवलं. ताईला डेटाबेसमधलं काही कळत नसलं तरी तारखा वाचता येत होत्या. तिने पडद्यावर बोट ठेवून त्या दोनदा ताडून पाहिल्या.

“म्हणजे हे कुणाच्याही जनावराचं झालं असतं,” ती म्हणाली.

“हो.”

“हे बाहेर कळलं तर उद्या इथे कुत्रं सोड, चिमणीसुद्धा आणणार नाही कुणी.” मग खालच्या आवाजात, “बाबांना काय ते तू सांग.”

त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी, ताईच्या घरी, पलंगाच्या कडेला बसून. बाबांच्या डोळ्यावर पट्टी होती, हात पांघरुणावर. खोटं बोलायचं नाही असं त्याने रात्रभर घोकलं होतं, आणि तो खरंच खरं बोलला. नंबर कसा मोकळा झाला, काम कसं मागे राहिलं, सांगड कशी तपासली गेली नाही. एकही गोष्ट त्याने लपवली नाही. सगळं ऐकून झाल्यावर बाबा म्हणाले, “गेलेल्याचा नंबर दुसऱ्याला देतं का रे कोणी?”

“देतो, बाबा. तो डेटाबेस देतो. न देण्याबद्दल सांगावं लागतं.”

“आणि तू सांगितलं नाहीस.”

“नाही.”

“एवढा शिकलेला तू, आणि तुला हे ठाऊक नव्हतं?”

ठाऊक होतं म्हणावं तरी पंचाईत, नव्हतं म्हणावं तर खोटं. “ठाऊक होतं,” तो म्हणाला.

ताईने माफी मागायला कंपाउंडरला बोलावून घेतलं होतं. तो दारातच हात जोडून उभा होता. बाबांनी त्याला जवळ बोलावलं. “तुम्ही धरलं होतं ना त्यांना? घाबरले होते का?”

“नाही हो,” कंपाउंडर म्हणाला. “खुशीत होता. साहेबांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून उभा होता. मी विचारलं साहेबांना, बरा दिसतोय म्हटलं. साहेब म्हणाले, ने आत.”

“गुडघ्यावर डोकं ठेवून?”

“हो. शेपूट हलवत.”

“मी पाहिलं नाही, बाबा,” धाकटा म्हणाला. “देवाशपथ, माझं लक्ष नव्हतं.”

“गुडघ्यावर डोकं होतं, आणि तुला दिसलं नाही.” बाबांचा आवाज चढला नाही. “तुला ते नको होते, हे मला माहीत होतं. रोज ताटावर बसून सांगायचास. पण कारण सांगायचं तर जरा बरं तरी शोधायचंस रे. नंबराचं काय सांगतोस मला!”

धाकटा ताईकडे वळला. “ताई, तू पाहिलंयस. तारखा पाहिल्यास तू. सांग ना त्यांना.”

बाबांनीही पट्टी लावलेला चेहरा तिच्या दिशेने वळवला. “काय गं? असं होतं का कॉम्प्युटरमध्ये?”

कंपाउंडर अजून पलंगाशी उभा होता. ती जे म्हणेल ते उद्या तो दवाखान्यात सांगणार, परवा गल्लीत. ताईने त्याच्याकडे पाहिलं, मग पांघरुणाची घडी नीट केली.

“मला त्यातलं काही कळत नाही, बाबा,” ती म्हणाली. “प्रोग्रॅम तर नीट चालतो आपला.”

बाबांनी मान हलवली आणि भिंतीकडे कूस बदलली. धाकट्याला कुणी जा म्हणालं नाही आणि कुणी थांब म्हणालं नाही. शेवटी तो उठला. ताई त्याला दारापर्यंत सोडायला आली.

“सकाळी लवकर ये,” ती कुजबुजली, “आणि ते नंबरांचं नीट करून टाक. मग दवाखान्याची किल्ली रिसेप्शनला ठेवून जा.”

“तुला सगळं कळलं होतं, ताई.”

“कळलं होतं म्हणूनच नीट करून टाक म्हणतेय,” ताई म्हणाली, आणि बाबांची झोप मोडू नये म्हणून तिने दार अगदी हळू लावून घेतलं.