साहेबांची बरणी

मित्रांनो, माझ्याकडे बघून मी बरणी आहे हे तुमच्या चटकन लक्षात येणार नाही. मला तोंड आहे, गळा आहे, पोट आहे, पण बूड नाही. पूर्वी होते. चांगले जाड, गुळगुळीत बूड होते. ते कसे गेले हे सांगायला आज मी बसले आहे. या गोष्टीत एक मरण आहे आणि ते माझ्या पोटात झालेले आहे. कोणी भित्रे असेल तर त्याने शेजारच्याचा हात धरून बसावे. मी काही लपवणार नाही. लपवण्याच्या कामात मी एकदा साथ दिली आहे आणि ते मला फार जड गेले.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लॅस्टिकचे दाणे वितळवले, तो लगदा साच्यात धरला आणि यंत्राने आत हवा फुंकली. पहिला श्वास मला यंत्राने दिला. पुढे मी कोणाचा तरी शेवटचा श्वास कोंडून धरीन, असे तेव्हा कोणी सांगितले असते तर मी साच्यातच अडून बसले असते.

माझी उमेदीची वर्षे एका बेकरीत गेली. पुढच्या फळीवर मधोमध माझी जागा होती आणि माझ्यात गोल बिस्किटे असत. मुले माझ्या पोटाला नाक लावून बघत आणि नाकांचे ठसे उमटवून जात. बेकरीवाला रोज सकाळी ते पुसायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा, "ही काचेची नाही, पण काचेला लाजवेल." हे ऐकून मी फुगून जायचे. कौतुक कोणाला नको असते? पुढे बेकरीवाल्याचे गुडघे गेले, त्याने दुकान बंद केले आणि एकेक वस्तू शेजाऱ्यांना देऊन टाकली. मी समोरच्या घड्याळजींकडे गेले.

घड्याळजींचे घर तीन खोल्यांचे. रस्त्याकडच्या खोलीत त्यांचे दुकान आणि मागे दोन खोल्यांत संसार. दुरुस्त झालेली लंबकाची घड्याळे ते दोन-चार दिवस भिंतीवर चालवून बघत, म्हणून भिंतभर टकटक चालू असे. प्रत्येकाची वेळ वेगळी आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटायची. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून टेबलाशी बसत. त्यांची बायको शाळेत शिवण शिकवायची. मुलगी सहावीत होती. तिला घरात सगळे ठमी म्हणत.

आणि साहेब होते. साहेब म्हणजे कुत्रा. आखूड पाय, लोंबते कान, तपकिरी रंग. टेबलाखाली पोत्यावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याकडे असे बघत, की जणू माणूस अर्ज घेऊनच आला आहे. म्हणून त्यांना साहेब म्हणत आणि तेही अहो-जाहो करून. "साहेब फिरायला निघाले." "साहेबांचं आज बिनसलंय." वय अवघे चार वर्षे, पण मान एखाद्या म्हाताऱ्या मामलेदाराचा. या घराने त्यांना फार जीव लावला होता.

माझ्याकडे साहेबांच्या बिस्किटांचे काम आले. दमट दिवसांत ती बिस्किटे मऊ पडू लागली आणि घड्याळजींना ते सहन होईना. पाण्यात चालणाऱ्या घड्याळाच्या पाठीला आतून रबरी रिंग असते. तशीच, पण मोठी रिंग त्यांनी कापली आणि माझ्या तोंडाला आतून पक्की चिकटवली.

"आता वारासुद्धा आत जाणार नाही," ते म्हणाले.

"कुत्र्याची बिस्किटं आहेत ती," बायको म्हणाली, "तिजोरी करताय का?"

"काम करायचं तर चोख करायचं."

मीही नव्या रिंगेवर खूश होते. बेकरीत मी नुसती दिसायला चांगली होते, इथे मी कामाला चोख झाले होते. आमच्या दोघांच्या डोक्यात तेवढेच होते.

तो दिवस उन्हाचा होता. सकाळी शाळेला जाण्याआधी ठमीने साहेबांना मैदानात भरपूर पळवले होते. दुपारी घरात फक्त घड्याळजी आणि साहेब. तीन वाजायला आले तेव्हा घड्याळजींनी साहेबांना एक बिस्किट दिले, तेवढ्यात गिऱ्हाईक आले, म्हणून त्यांनी मला तशीच उघडी टेबलाखाली ठेवली. गिऱ्हाईक गेल्यावर ते पुन्हा भिंग लावून बसले. एका मनगटी घड्याळाचे केसाएवढ्या आसाचे चाक बसवायचे होते. अशा वेळी घड्याळजी श्वाससुद्धा रोखून धरतात.

साहेबांनी माझ्यात डोके घातले. जाताना कान मागे दुमडले गेले आणि रिंगेतून सहज आत आले. त्यांनी शांतपणे दोन बिस्किटे खाल्ली. मग डोके बाहेर काढायला लागले, तर कान उलटे उभे राहिले आणि रिंग मानेभोवती घट्ट बसली. वारासुद्धा आत जाईना. त्यांच्या श्वासाने मी आतून धुरकट झाले. मला बाहेरचे दिसेना, त्यांनाही दिसेना. ते मागे मागे सरू लागले आणि मला जमिनीवर आपटू लागले. टक, टक, टक, टक.

घड्याळजींनी तो आवाज ऐकला. होय मित्रांनो, ऐकला. कोपऱ्यात कालच टांगलेले एक घड्याळ होते. डोळ्यावरचे भिंग न काढता ते स्वतःशीच म्हणाले, "कोपऱ्यातलं फार पळतंय."

आवाज हळू झाला. टक. मग बऱ्याच वेळाने टक.

"हं, आलं ताळ्यावर," घड्याळजी म्हणाले.

मग आवाज थांबला. घड्याळजींना चालू घड्याळ ऐकू येत नाही, पण बंद पडलेले लगेच कळते. त्यांनी भिंग काढून वर पाहिले. भिंतीवरची सगळी घड्याळे चालू होती. मग त्यांनी खाली पाहिले.

रिंग बोटाने जरा उचलली आणि मी निघाले. एका बोटाचे काम होते. त्यांनी साहेबांची छाती चोळली, नाकात फुंकर घातली, हाका मारल्या. साहेब उठले नाहीत. मग घड्याळजींनी मला नळाखाली धुतले, फडक्याने कोरडे केले आणि दुकानातल्या कपाटावर उपडी ठेवून दिली. फेकली असती तर कोणी तरी विचारले असते.

संध्याकाळी मायलेकी आल्या तेव्हा ते म्हणाले, "साहेबांचं हृदय बंद पडलं. झोपेतच गेले."

ठमी कितीतरी वेळ पोत्याजवळ बसून होती. शेवटी तिने एकच विचारले, "मी सकाळी त्यांना उन्हात पळवलं, म्हणून का, बाबा?"

घड्याळजींनी तोंड उघडले. आता सांगतील, असे मला वाटले. पण ते उठले आणि भिंतीवरच्या एका घड्याळाला चावी देऊ लागले. त्या दिवशी त्यांनी पोरीच्या पदरात आपले पाप टाकले आणि मी कपाटावरून ते बघत बसले. मला बोलता येत नव्हते, एवढीच माझी सबब.

दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमाराला माझ्या आत धुके धरले. मी कोरडी होते, रिकामी होते, उपडी होते. तरी आतल्या बाजूला दोन गोल डाग उमटले, शेजारी शेजारी, ओलसर. नाकपुड्यांएवढे. आणि खाली टेबलाजवळ आवाज सुरू झाला. टक, टक, टक, टक. मी कपाटावर जागची हलले नव्हते, मित्रांनो. पण आवाज माझा होता. स्वतःचा आवाज कोणालाही ओळखता येतो.

घड्याळजींच्या हातातला चिमटा गळून पडला. ते उठले आणि त्यांनी एकेका लंबकावर बोट ठेवून भिंतीवरची सगळी घड्याळे थांबवली. खोली गप्प झाली. आवाज चालूच राहिला. जलद, मग हळू, मग बंद. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. डाग तेव्हा वाळत आले होते.

हे रोज होऊ लागले. घड्याळजींनी लंबकाची सगळी घड्याळे परत पाठवली आणि यापुढे फक्त मनगटी घड्याळेच घेणार, असे सांगून टाकले. भिंतीवर नुसते खिळे राहिले. तीन वाजता तरीही टकटक व्हायची. कधी त्या वेळी दुकानात गिऱ्हाईक असे. ते खुशाल बोलत राही आणि घड्याळजी मात्र टेबलाची कड धरून बसत. चार महिन्यांत त्यांचे गाल बसले. ठमी तर मैदानाकडे फिरकतच नव्हती. तिने पळणे सोडून दिले होते.

एका रविवारी दुपारी लॉन्ड्रीवाल्या काकू टॉवेलात गुंडाळून एक पिल्लू घेऊन आल्या. ठमीच्या आईनेच त्यांना बोलावले होते. पोरगी जरा हसेल, असे तिला वाटत होते.

"बघायला काय जातंय," काकू म्हणाल्या. "आवडलं तर ठेवा, नाहीतर माझ्याकडे आहेच."

त्यांनी पिल्लू पुढे केले. ठमीने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मला नको. माझ्या हातून तेही मरेल."

"असं कोण म्हणालं तुला?" आईने विचारले.

"कोणीच नाही. तसं नसतं तर बाबा एकदा तरी नाही म्हणाले असते ना."

घड्याळजी मान खाली घालून बसले होते. तेवढ्यात तीन वाजले. माझ्यात धुके धरले आणि टेबलाखाली टकटक सुरू झाली.

टॉवेलातल्या पिल्लाने कान टवकारले. ते काकूंच्या हातातून घसरून खाली उतरले, थेट टेबलाखाली गेले आणि रिकामी फरशी हुंगू लागले. प्रत्येक आवाजाला ते एक पाऊल मागे सरत होते. आवाज थांबल्यावर ते कपाटाखाली येऊन बसले, मान वर करून माझ्याकडे बघू लागले आणि बारीक आवाजात रडू लागले.

"काय बघतंय हे? वर उंदीर आहे का?" काकूंनी विचारले. त्यांना काहीच ऐकू आले नव्हते.

चार महिने घड्याळजी तो आवाज एकट्याने ऐकत होते. आता दुसरा साक्षीदार मिळाला. ते खुर्चीवरून उतरले आणि फरशीवर बसले.

"ठमे, साहेब उन्हानं नाही गेले," ते म्हणाले. "ती वरची बरणी त्यांच्या डोक्यात अडकली होती. रिंग मीच बसवली होती. उघडी मीच ठेवली होती. आणि ते आपटत होते, ते मी ऐकलं. मला वाटलं, घड्याळ पळतंय."

बायको स्टुलावर बसली. काकूंनी हळूच पिल्लू उचलले.

"तुम्हाला आवाज आला होता?" ठमीने विचारले.

"आला होता."

"आणि तुम्ही उठला नाहीत."

"नाही उठलो."

ठमीने पाठीमागचे हात पुढे घेतले, तोंडावर धरले आणि ती रडली. साहेब गेले त्या दिवशी ती अशी रडली नव्हती. काकू पिल्लू घेऊन परत गेल्या. ठमी बापाशी आठ दिवस बोलली नाही आणि मी म्हणते, तिचे बरोबर होते. पण त्या आठ दिवसांत ती दोनदा मैदानात पळून आली.

नवव्या दिवशी ती दुकानात आली. "पिल्लू आणायचं असेल तर आधी घर बघायचं," ती म्हणाली. "साहेबांच्या उंचीवरून."

मग बापलेक गुडघ्यांवर आले आणि घरभर रांगले. घड्याळजींच्या डोळ्याला भिंग होते. शिवणाच्या यंत्राखाली दोऱ्यासकट दोन सुया निघाल्या. ओट्यामागे मुंग्यांची पावडर. पंख्याची एक वायर, मधोमध उघडी पडलेली. आणि टेबलाखाली घड्याळातून पडलेले बारीक सेल, चकचकीत, गोळीसारखे, एक-दोन नव्हे, अकरा. "एवढे?" म्हणून घड्याळजी तिथेच बसून राहिले. त्यांची आयुष्यभराची स्वच्छता टेबलाच्या वरच होती. शेवटी ठमी उभी राहिली आणि तिने माझ्याकडे बोट दाखवले.

"आणि ती."

घड्याळजींनी करवत आणली. मी घाबरले. पण मी चार महिने याचीच वाट बघत होते, हेही खरे. ठमीने मला धरले आणि त्यांनी कापले. बूड सुटून खाली पडले. मग दोघांनी मिळून रिंग सोलून काढली. त्या क्षणी माझ्यातून वारा आरपार गेला. बरणीला हे शोभत नाही, पण मला फार हलके वाटले.

आता मी टेबलाशेजारी खिळ्याला टांगलेली असते. तीन वाजता काय होते, हे मला विचारू नका. धुके धरायला माझ्यात जागाच उरलेली नाही. घड्याळजींना आवाज येतो की नाही, हे त्यांनी कोणाला सांगितलेले नाही.

पिल्लू मात्र आले. साहेबांची जागा भरायची नाही, असे ठमीने ठरवले, म्हणून त्याचे नाव कारकून ठेवले. कारकून हुशार आहे, पण त्याला दिवसभर काही ना काही पाडायची सवय आहे.

परवाच एक मास्तर घड्याळ न्यायला आले होते. घड्याळजी श्वास रोखून केसाएवढ्या आसाचे चाक बसवत होते. मागच्या खोलीत काही तरी खण्णकन वाजले. घड्याळजींनी चिमटा टाकला. ते चाक टुणकन उडून कुठे तरी गेले. मास्तर म्हणाले, "अहो, माझं घड्याळ!"

"थांबा, आवाज आला," म्हणत घड्याळजी तोपर्यंत आत पोचले होते. कारकुनाने आपली थाळी उलटी केली होती, एवढेच. ते परत आले आणि मास्तरांसमोरच भिंग लावून चाक शोधायला फरशीवर रांगू लागले.

मित्रांनो, माझ्यासारख्या घट्ट तोंडाच्या बरण्या आणि खाऊच्या जाड पिशव्या भरलेल्या असताना उघड्या ठेवू नका आणि रिकाम्या झाल्या की कापून टाका. आम्हाला राग येणार नाही. आणि शेजारच्या खोलीतून आवाज आला तर हातातले काम टाकून उठा. काही नसेल तर परत येऊन बसता येते.