त्रेसष्ट नंबर

नदीकाठच्या त्या गावात माणसाला नाव लागतं ते लग्नपत्रिकेपुरतं आणि मतदार यादीपुरतं. एरवी तो नंबर. दूध संस्थेत क्रांती इंगवले फॅट बघायला बसते त्याला सोळा वर्षं झाली. सकाळी साडेसहाला रांग लागते, माणूस कॅन टेकवतो, जांभई देत नंबर सांगतो, ती मशिनवर तो दाबते आणि चिठ्ठी बाहेर येते. चिठ्ठीवर मात्र नाव असतं, पण ते कोण वाचतंय.

त्यामुळं पंचगंगेच्या पाण्याची नोंद ठेवायला तिनं वेबसाइट केली, तेव्हा तिथंही नावाची जागा ठेवलीच नाही. ठेवली असती तर कुणी भरली नसती. निम्म्या घरांतली पोरं वरच्या अंगाच्या साखर कारखान्यांत कामाला, आणि काळं पाणी येतं तेही वरच्याच अंगानं.

"नाव नगं बाई, नंबर टाक," असं झुंबरबाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गावात एकशे सात म्हणजे झुंबरबाई हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण गावाबाहेर एकशे सात म्हणजे कुणीच नाही. तेवढा आडोसा लोकांना पुरला.

वेबसाइट तिची ती शिकली. सकाळचं दूध आटपलं की संध्याकाळच्या दुधापर्यंत संस्थेच्या कंप्युटरपुढं बसायचं, मोबाइलवर हिंदी व्हिडिओ लावायचा, तो गडी दोन वाक्यं बोलला की त्याला गप्प करायचं आणि तसं करून बघायचं. तीन आठवड्यांत पान उभं राहिलं. पाण्याचा रंग: नितळ, चहा, कोरा चहा, मळी. वास: न्हाय, हाय, जेवण जात न्हाय. मासे: जित्तं, वर आल्यालं, मेल्यालं. शहाण्या माणसानं पाहिलं असतं तर हसला असता, पण गावाला विचारावं लागलं नाही कुठं काय दाबायचं ते.

मूळ नाद तिच्या नवऱ्याचा. अमरसिंह रोज सकाळी दूध घालून परतताना घाटावर उभा राहायचा आणि वहीत पाण्याचा रंग लिहायचा. फाल्गुनात धार काढता काढता त्याच्या छातीत कळ आली. दिवस झाले, पावणं गेलं, आणि वहीतलं पुढचं पान कोरं दिसलं म्हणून तिनं तारीख घातली. बस्स. रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, धीराची आहे. धीरबीर काही नव्हता. दुधाच्या बर्फगार टाकीत हात बुडवून ठेवला की थोड्या वेळानं बोटं आपली राहत नाहीत, तसं तिला आतून झालं होतं, आणि ते आठ महिने तसंच होतं. ती जेवायची, फॅट बघायची, नदीवर जायची, आणि वेबसाइट झाल्यापासून वहीऐवजी तिथं लिहायची.

कार्तिकात कारखान्यांचे बॉयलर पेटले, पाणी मळीवर आलं, आणि एका दुपारी प्रदूषणाच्या ऑफिसातून साहेबांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या नोंदी बघितल्या. काम चांगलं आहे. पण नंबरांवर पंचनामा होत नाही. गुरुवारी आम्ही येतोय, तोवर नावं लावा. नावाची नोंद फायलीला लागते, नाहीतर आम्हाला काही करता येत नाही."

"बरं."

"आणि ते त्रेसष्ट नंबरचे गृहस्थ, एक दिवस चुकलेले नाहीत. त्यांना तेवढं हजर ठेवा. आमचा सगळा भर त्यांच्यावरच आहे."

"ठेवते," क्रांती म्हणाली आणि फोन ठेवून मशीन पुसायला लागली.

त्रेसष्ट तिच्या घरचा नंबर. रोज तीच घाटावर जायची, तीच लिहायची. पण संस्थेच्या यादीत त्रेसष्टपुढं नाव अजून अमरसिंहाचंच होतं. घरच्या म्हशीचं दूध मापून ती नंबर दाबायची आणि 'इंगवले अमरसिंह दत्ताजी' अशी चिठ्ठी सकाळ-संध्याकाळ तिच्या हातात पडायची. त्या चिठ्ठ्या तिनं फरसाणाच्या रिकाम्या डब्यात साठवल्या होत्या.

चेअरमन अण्णासो मगदूम सत्तरीचे, चष्मा कपाळावर ठेवून डोळे बारीक करून वाचणारे. नावं लावायला तिनं काढलेल्या संस्थेच्या यादीवरनं फिरणारं त्यांचं बोट त्रेसष्टवर थांबलं.

"क्रांती, हे काय?"

"घरचा नंबर हाय, अण्णा."

"घरचा हाय, पर नाव अमरसिंहाचं हाय की. मेल्याला माणूस रोज नदीवर जातोय म्हटल्यावर कारखान्याचा वकील तिथंच हसंल. एकाची नोंद खोटी निघाली की सगळ्या गावावर बोळा फिरला." मग आवाज उतरवून म्हणाले, "वारस नोंदीचा अर्ज तुला देऊन आठ महिनं झालं."

"ड्रॉवरात हाय."

"ड्रॉवरात काय अंडी घालतोय व्हय?"

ती हसली नाही. अण्णासोंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा कपाळावर ठेवला आणि ते बाहेर गेले.

संध्याकाळच्या रांगेत तिनं एकेकाला विचारलं, नाव लावू का नोंदी काढू?

"माझ्या काढ," गणपतराव म्हणाले. "धाकटा औंदा परमनंट व्हायचाय."

"माझ्या ऱ्हाऊ देत," मागून धोंडुबाई म्हणाली. "माझी म्हस तेच पाणी पिती. तिला कुठं परमनंट व्हायचंय."

रांग हसली. गणपतरावही हसले आणि कॅन उचलून जरा लगबगीनंच गेले. रांग संपेपर्यंत एक्केचाळिसातले अठरा राहिले. ज्यांनी काढल्या त्यांचा क्रांतीला राग आला नाही. राग यायला पण अंगात काहीतरी लागतं.

झुंबरबाई मात्र कॅन रिकामा होऊनही हलली नाही.

"आणि तुझं? लावतीस का काढतीस?"

काढणं सोपं होतं. एक बटण दाबलं की दोनशे अकरा नोंदी जाणार, अर्ज ड्रॉवरात राहणार आणि अमरसिंह चिठ्ठीवर येत राहणार, सकाळ-संध्याकाळ. पण मग तो ज्या नदीपायी वही घेऊन उभा राहायचा, तिची फाइल अर्धी होणार. झुंबरबाईनं घाई केली नाही. कॅन उपडा घालून ती त्यावर बसली.

क्रांतीनं ड्रॉवर उघडला. अर्जाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या. मयत सभासदाचं नाव. मृत्यूची तारीख. ती तिनं एका दमात लिहिली, आणि मग वारसाच्या चौकटीत स्वतःचं नाव घातलं.

अण्णासो सहीला आले. "नावाम्होरं गं. भा. घालायचं का?"

"नको अण्णा. एवढ्याशा चौकटीत आधीच दाटी झालीया."

त्यांनी मान खाली घालून सही केली. तिनं यादीत नवं नाव भरलं, वेबसाइटवर अठरा नावं लावली, आणि त्रेसष्टच्या पानावर वर एक ओळ लिहिली: या नंबरच्या सगळ्या नोंदी मी स्वतः नदीवर जाऊन केल्या आहेत. गुरुवारी मी हजर आहे. खाली नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं दूध तिचंच. नंबर दाबला, मशीन कुरकुरलं, चिठ्ठी आली. 'इंगवले क्रांती अमरसिंह.' इतकी वर्षं पुढं असलेला माणूस तिच्या मागं येऊन उभा राहिला होता. तिनं चिठ्ठी दोनदा वाचली. बोटांना कागद लागत होता. ती तिनं डब्यात टाकली नाही, तशीच मुठीत धरली.

दारात कॅन आदळला. झुंबरबाई.

"आता काय सांगायचं गं, नंबर का नाव?"

"नंबरच सांगा, मावशी," क्रांती म्हणाली. मूठ तशीच ठेवून तिनं दुसऱ्या हातानं कॅन पुढं ओढला आणि विचारलं, "किती नंबर?"