लेफ्ट बॅकची जागा

"शब्द तू दिला नाहीस, कनका. तुझ्या अप्पांनी दिला. मोडायचा तर त्यांस विचारून ये."

कनकाच्या सासूबाई विशालाक्षीबाईंनी हे आवाज न चढवता सांगितलं आणि क्लबच्या वादिराजांपुढे कॉफी ठेवली. वादिराजांनी टंबलरला हात लावला नाही. ट्रिप्लिकेनहून सैदापेटपर्यंत ते बसने आले होते ते याच कामासाठी. कनकाचे वडील सेतुमाधवराव ऑगस्टमध्ये वारले. आता डिसेंबर होता, आणि त्यांच्या नावाने क्लबने रविवारी एक सामना ठरवला होता. त्यांनी शिकवून तयार केलेला पाच मुलींचा पहिला संघ पुन्हा एकदा मैदानात उतरायचा होता. चौघी कबूल झाल्या होत्या. पाचवी कनका.

"एकच सकाळ, मामी," वादिराज म्हणाले. "खेळ म्हणून नाही. त्यांच्या नावाचं आहे म्हणून."

"त्यांच्या नावाचं आहे म्हणूनच म्हणते मी."

"सगळ्या साडी खोचूनच खेळणार. तरण्या राहिल्यात कोठे आता?"

विशालाक्षीबाई हसल्या. "मग तुम्हीच उतरा की तिच्या जागी. तुमचं पोट पाहून तरी ते वरून खाली येतील."

कनकाचा नवरा वेंकटरमण गिंडीच्या कारखान्यात हिशेबनीस होता. कामावर निघायच्या घाईत तो शर्टाची बटणं लावत दारात उभा होता. कनकाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने चपला शोधायला सुरुवात केली.

"अम्मा म्हणते ते खोटं नाही," तो खाली पाहत म्हणाला. "बघायला जाऊ. मी नेतो तुज. बघायला काय हरकत आहे?"

वादिराजांची कॉफी गार झाली होती, ती कनकाने आत नेली.

बॉल बॅडमिंटन हा खेळ उघड्यावरचा. लोकरीचा पिवळा चेंडू, लाकडाची जड रॅकेट, जाळीच्या दोन्ही बाजूंना पाच पाच जण. चेंडू इतका हलका की वारा सुटला की खेळ संपला. मद्रासला समुद्रावरचा वारा उन्हाबरोबर येतो, म्हणून खेळायचं ते पहाटे. सेतुमाधवराव बंदराच्या कचेरीत कारकून होते. पण कचेरीत जाण्याआधीचा त्यांचा दिवस या मैदानावर उजाडायचा. लाल मातीवर पाणी शिंपायचं, चुन्याच्या रेघा ओढायच्या, जाळी ताणायची. मग मिटलेल्या छत्रीवर दोन्ही हात ठेवून ते रेघेबाहेर उभे राहत.

त्यांना दोन्ही मुलीच. कनका आणि सरोजा. मुलांच्या क्लबाने दोघींना घेतलं नाही, तेव्हा त्यांनी गल्लीतल्या आणखी तिघी गोळा केल्या. मुलींच्या बापांना पटवायला ते घरोघर गेले. "मी उभा आहे की तिथे," एवढंच सांगत. आणि खरंच उभे राहत. तापात, पावसाच्या झिमझिमीत, एकदा तर स्वतःच्या आईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी.

मैदानावर ते कोणाला नावाने हाक मारत नसत. बाप आपल्या पोरींना झुकतं माप देतो असं कोणी म्हणू नये म्हणून सगळ्या जणी फक्त आपापल्या जागा होत्या. कनका लेफ्ट बॅक. घरीही त्यांच्या तोंडून निसटायचं, "लेफ्ट बॅक, ताट घे, भात निवतोय." आई कपाळाला हात लावायची. दवाने चेंडू ओला झाला की ते उपरण्याच्या टोकात धरून पिळत, फुंकर घालत आणि मगच परत देत. शिकवण सगळी मिळून दोन वाक्यांची. चेंडूला येऊ द्या, त्याच्या अंगावर धावू नका. आणि माणसाकडे मारू नका, रिकाम्या जागेत मारा.

कनकाला पाहायला येणारे तिचा हात उलटून पाहत. तळव्यावर घट्टे. चेहरा उन्हाने रापलेला. पाहुणे खाऊन पिऊन जात आणि मग निरोप यायचा, किंवा यायचाही नाही. अशी दोन वर्षं गेल्यावर सैदापेटचं स्थळ आलं.

"मुलगी पसंत आहे," विशालाक्षीबाई म्हणाल्या होत्या. "एकच आहे. लग्नानंतर ते मैदान..."

अप्पांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "सरी, ठीक आहे. खेळणार नाही ती. माझा शब्द."

विड्याचं तबक घेऊन कनका तिथेच उभी होती. चेंडूला येऊ द्या म्हणून जन्मभर सांगणारा हा माणूस त्या दिवशी चेंडूच्या अंगावर धावला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर नऊ वर्षं ते दर रविवारी मैदान आटोपून सैदापेटला येत. ओट्यावर बसत, छत्री गुडघ्याला टेकवून. विहीणबाईंशी मठातल्या उत्सवाबद्दल, गुडघेदुखीबद्दल बोलत. निघताना शेजारच्या माडाच्या झावळ्यांकडे एकदा पाहत आणि कनकाला सांगत, "आज सकाळी वारा नव्हता." किंवा, "सातलाच सुटला." एवढंच. दुसरं काही त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. ते आपल्यालाच सांगितलं जातंय हे तिला कळायचं. का इतक्या लवकर हो म्हणालात, हे एकदा विचारायचं होतं. दर रविवारी सासूबाई, तिच्या अत्ते, ओट्यावर असायच्या. मग ऑगस्टातल्या एका सोमवारी कचेरीच्या टेबलावर त्यांनी डोकं टेकलं, ते उचललं नाही.

रविवारी वेंकटरमण तिला घेऊन मैदानावर पोचला तेव्हा मार्गळी महिन्याचं धुकं पुरतं उठलं नव्हतं. वादिराजांनी रेघा ओढल्या होत्या, थोड्या वाकड्या. खुर्चीवर अप्पांचा फोटो, त्याला हार, आणि खुर्चीच्या पाठीला टेकवलेली त्यांची छत्री.

"आली कां आमची सैदापेटची महाराणी," त्या पाचांतली विद्युलता म्हणाली. ती आता तीन मुलांची आई होती आणि पदर खोचताना धापा टाकत होती. "बस. मी पडले की हस."

"पडशीलच," कामाक्षी म्हणाली. "मातीस सांगून ठेवलंय मी, सांभाळून घे म्हणून."

सरोजा रॅकेटची दोरी तपासत होती. ती शाळेत शिकवत होती आणि याच मैदानावर अजून खेळत होती. तिला तीन स्थळं आली. तिघांनीही तीच अट घातली आणि अप्पांनी तिन्ही वेळा हात जोडून नाही म्हटलं. तिसऱ्या वेळी सरोजाच रडली होती, हो म्हणा म्हणून. त्यांनी ऐकलं नाही. पुढे कोणी आलंच नाही.

"राखीव मुलगी घे की," कनका तिला म्हणाली. "चौघी कशा खेळाल?"

"लेफ्ट बॅकला कोणी नको."

"हरशील."

"अक्का, तुझं लग्न झालं, माझ्याकडे खेळ उरला," सरोजा दोरी ओढत म्हणाली. "आणखी काय हरायचं? एकदा शब्द देऊन चुकलो, पुन्हा देणार नाही, असं अप्पा मज म्हणाले होते. मी म्हटलं, मग माझं काय? तर उठून जाळी बांधायला गेले."

कनका बाकावर येऊन बसली. जे विचारायचं राहिलं होतं त्याचं उत्तर, अप्पा पस्तावले होते एवढंच, असं दोरी ओढता ओढता मिळालं. त्याचा आता कोणालाच उपयोग नव्हता.

समोरचा संघ शाळेतल्या मुलींचा, अप्पांनीच शेवटी शिकवलेला. पहिले काही गुण त्या मुली अवघडून खेळल्या. मागचा डावा कोपरा मोकळा दिसत होता, पण चेंडू उजवीकडेच जात होता, विद्युलताच्या अंगावर. ती घामाघूम झाली. वादिराजांनी पंचाच्या जागेवरून खेळ थांबवला.

"हे काय चाललंय? रावांनी हेच शिकवलं कां तुम्हास?"

मुली खाली पाहू लागल्या. त्यातली उंच मुलगी म्हणाली, "सर, ती अक्कांची जागा आहे."

"ती रिकामी जागा आहे," वादिराज म्हणाले आणि लगेच त्यांची नजर फोटोकडे गेली.

पुढचा चेंडू उंच मुलीने डाव्या कोपऱ्यात मारला. मऊ, नेमका, अगदी शिकवल्यासारखा. तो लाल मातीवर पडला. मग दुसरा. मग तिसरा. सरोजा वळूनही पाहत नव्हती. बाकावर कनकाचे पाय साडीच्या आत हलत होते. एक पाऊल मागे, डावा खांदा आत, मनगट सैल. प्रत्येक चेंडू तिने घेतला असता. प्रत्येक चेंडू पडत होता.

"कंटाळलीस?" वेंकटरमणने विचारलं.

"नाही."

तो थोडा वेळ तिच्या पायांकडे पाहत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "दोन चेंडू खेळतेस? मी अम्मास सांगणार नाही."

तिने मान वर केली. मैदानालगतच्या शाळेच्या भिंतीपलीकडे माड होता. झावळ्या चित्रासारख्या स्थिर होत्या. असा वारा पडलेला दिवस अप्पांना वर्षातून थोडेच वेळा मिळायचा. उठावं, पदर खोचावा, सरोजाकडून एखादी रॅकेट मागून घ्यावी. पंधरा पावलांवर ती जागा होती. खुर्चीवरच्या फोटोत अप्पा समोर पाहत होते, तबकाच्या दिवशी पाहिलं होतं तसंच, तिच्या बाजूला कुठेतरी. त्यांनी आयुष्यात एकच शब्द असा दिला होता की जो देऊन ते पस्तावले. तो आता मोडला तर त्यापायी त्यांनी सोसलेलं सगळं फुकट जाणार होतं, मागे उरणार होता नुसता पस्तावा.

"नको," ती म्हणाली.

शेवटचा चेंडूही तिथेच पडला आणि घरंगळत बाकापाशी आला. तिने तो उचलला. दवाने जड झाला होता, मातीने लाल. तिने पदराचं टोक घेतलं, चेंडू त्यात धरून पिळला आणि फुंकर घातली. नऊ वर्षांनी लोकरीचा वास आला.

"अक्का, टाका," उंच मुलगी जाळीपलीकडून हात पुढे करून म्हणाली.

कनका उठली. रेघ ओलांडली नाही. बाहेरून सगळ्या मैदानाला वळसा घालून ती त्या मुलीपर्यंत चालत गेली आणि चेंडू तिच्या तळहातावर ठेवला.