मोकळीकीत पहिला नंबर

परदेशातली एक संस्था दरवर्षी सगळ्या देशांच्या आर्थिक स्वातंत्र्याला गुण द्यायची. त्यासाठी आपल्या देशातल्या दुकानदारांना प्रश्न विचारून उत्तरं पाठवण्याचं काम एका सरकारी अधिकाऱ्याकडे होतं. ऑफिसात त्याला आकडेसाहेब म्हणत. जिथे धंद्याला स्वातंत्र्य तिथे भरभराट, असं त्या संस्थेचं म्हणणं. आकडेसाहेबांच्या बायकोचं म्हणणं याहून सुटसुटीत होतं. तिला शिवणकामाचं दुकान टाकायचं होतं. गाळा घेतला, मशिनं आणली, आणि परवान्याची वाट बघत ती मशिनांना तेल घालत बसली. अग्निशमनवाले म्हणत, आधी आरोग्यवाल्यांचा शिक्का आणा. आरोग्यवाले म्हणत, आधी अग्निशमनचा.

"अहो, एवढे सरकारात आहात, कुणाशी ओळख नाही का तुमची?"

"माझं खातं फक्त मोजतं गं. पण थोडी कळ काढ. परवानेच रद्द करायचं विधेयक तयार आहे. यंदा आपला नंबर घसरला की मंत्री घाबरून मंजूर करतील."

नंबर घसरणार याची त्यांना खात्री होती. इतकी वर्षं तो दुसरं काही करतच नव्हता.

प्रश्नांचा मराठी तर्जुमा त्यांनी स्वतः केला. 'स्वातंत्र्य' हा शब्द टाळला, कारण तो ऐकला की दुकानदार सावधान उभे राहतात आणि खरं बोलत नाहीत. त्याऐवजी सोपं विचारलं: तुमचा धंदा कितपत मोकळा आहे?

निकाल लागला. देश जगात पहिला.

मंत्र्यांनी बँड लावला, भाषण ठोकलं आणि विधेयक मागे घेतलं. "आता आणखी मोकळीक दिली तर लोक उधळतील!"

आकडेसाहेब चक्रावले. त्याच तंद्रीत ते केस कापायला गेले, तर न्हावी खुर्चीत पेंगत होता.

"काय रे, मोकळा आहेस का?" त्यांनी विचारलं.

"अगदी मोकळा! सकाळपासून काळं कुत्रं फिरकलं नाही. बसा."

साहेब बसले नाहीत. तसेच वाढलेल्या केसांनी मंत्र्यांकडे धावले.

"साहेब, घोटाळा झालाय. लोक म्हणाले गिऱ्हाईक नाही, आणि आपण त्याला स्वातंत्र्य म्हणून पाठवलं."

मंत्री जरा विचारात पडले. "मग त्यात खोटं काय? गिऱ्हाईक नाही म्हणजे गिऱ्हाइकाचा जाच नाही."

"पण भरभराटीत आपण तळाला आहोत!"

"स्वातंत्र्य पुढे निघालंय, भरभराट मागून येईल. तिचं अंग जरा जड असतं." मंत्र्यांनी आवाज उतरवला. "हे आणखी कुणाला बोललात?"

"नाही."

"शहाणे आहात. उद्यापासून परवाना खात्याचे प्रमुख तुम्ही."

साहेब तरंगत घरी आले. आता विधेयकाची गरज कुणाला होती? बायकोच्या परवान्यावर सही करायला ते स्वतःच बसणार होते. ती आनंदाने रडायचीच बाकी राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गाळ्यावर आले ते बुटांकडे बघत.

"सही?"

"नियम निघाला एक. खातेप्रमुखाच्या घरच्यांना परवाना देता येत नाही. वशिलेबाजी नको म्हणून."

"कुणी केला हा नियम?"

"जुनाच आहे." साहेब घुटमळले. "चांगला नियम आहे तसा."

बायकोने मशिनावरचं फडकं काढलं, शटर पुरतं वर केलं आणि गळ्यात टेप अडकवली.

"अगं, बिनपरवाना... मला दंड करावा लागेल तुला!"

"करा की. पण प्रमुख झालात, अंगात धड कोट नको? या इकडे."

"लोक बघतायत."

"बघू देत. तेवढीच जाहिरात." तिने टेप उलगडली. "हात वर करा."

परवाना खात्याच्या प्रमुखांनी भर रस्त्यासमोर दोन्ही हात वर केले.