देविदास मिस्तरीची बांधणी

"आप्पा, आवळू नका! ढिली असू द्या."

क्रेनच्या माचीवरून शिल्पा ओरडली, तेही खाली ऐकू जाईल एवढ्या जोरात. शेजारी उभ्या बापाच्या हातातला पाना जागीच थांबला.

लातूरजवळच्या या साखर कारखान्यात देविदास मिस्तरीची केबल बांधणी म्हणजे नमुना. एका ओळीत, ताठ, कुठं लोंबणं नाही. नवा वायरमन आला की साहेब त्याला आधी ती दाखवायचे. आज नेमकी देविदासच्याच क्लॅम्पपाशी ऊस उचलणाऱ्या या क्रेनची केबल गेली होती. वरून रबर धडधाकट, आत तांब्याच्या तारांचा भुगा. गाळपाच्या गव्हाणीत ऊस पडायचा थांबला होता आणि गेटापर्यंत ट्रॅक्टर, बैलगाड्या तुंबल्या होत्या.

"बापाला शिकवायलीस व्हय?"

"तसं न्हाई आप्पा. घरातली वायर एकदा ठोकली की जागची हालत न्हाई. हिला दिसभर राबायचंय. क्रेनची ट्रॉली पुढं गेली की ताणायचं, मागं आली की घडी व्हायचं, ऊस धरणारा पंजा फिरला की पिळा खायचा. तुमी मानगूटच आवळली तर वाकंल कुठून? दरसाली तितंच मोडती बघा."

दरसाली. खरं होतं. अन् दरसाली तो केबलच्या कंपनीला शिव्या घालायचा.

शिल्पा नांदेडला आयटीआय करून याच हंगामात लागलेली. तिनं नवी केबल दोन्ही टोकांना धरून बांधली, मधला वळसा मोकळा सोडला. केबल लोंबायला लागली. क्रेन चालवणारा व्यंकट खाली उभा होता, त्याला तेवढंच पुरलं.

"मिस्तरी, लेकीनं पाळणा बांधला का वो? बारसं कवा हाय?"

गाडीवाले खो खो हसले. देविदासला लई झोंबलं. पाना हातातच होता. दोन आटे दिले की सगळं पुन्हा ताठ, अन् हसणारे गप. शिल्पा नुसती बघत होती.

त्यानं पाना खिशात घातला.

"व्यंकट, दात मिटव अन् केबिनीत जाऊन बस. चालव!"

ट्रॉली पळाली. वळसा उलगडला, पंजाबरोबर पिळला, परतीला अलगद घडी झाला. पुन्हा गेला, पुन्हा आला. ओढ नाही, हिसका नाही. उसाचा भारा धाडकन गव्हाणीत कोसळला.

साहेब येऊन मान वर करून बघत राहिले. "देविदास, ही बांधणी तुझी दिसत नाही."

"न्हाईच, साहेब." शेवटच्या गाडीवाल्यालाही ऐकू जाईल असा त्यानं आवाज काढला. "शिल्पाची हाय. माझ्या लेकीची!"

जेवणाच्या सुट्टीत दुसरी क्रेन थांबली. ती नीट चालत होती, तिच्याबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. देविदास डबा न उघडताच शिडी चढला आणि आपल्या हातानं आवळलेला एकेक क्लॅम्प सोडायला लागला.