साडेपाच तासांवरचा दादा

बाबांना दादाच्या शहराचं अंतर देवाच्या नावासारखं तोंडपाठ होतं. "विमानाने फक्त साडेपाच तास," घरी दाढी करायला येणाऱ्या न्हाव्याला ते सांगत. "सकाळचा चहा तिकडे, दुपारचं जेवण इथे."

"चार वर्षं झाली काका, अजून त्याचा चहाच चाललाय वाटतं," न्हावी वस्तरा पुसत म्हणाला.

"तू गाल बघ."

स्वयंपाकघरात मुलीला हसू फुटलं. तिने ते गिळलं. बाबांच्या हिशेबाची तऱ्हाच अशी, की जवळच्याचं सगळं नावे आणि लांबच्याचं सगळं जमा. ती त्यांना उठवी, आंघोळ घाली, औषधं देई, ते नावे. दादा फोनवर 'जपा हं' म्हणाला की जमा. हर्नियाचं ऑपरेशन डॉक्टरांनी दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा बाबांनी मोडलं. पोरगा आल्याशिवाय टेबलावर चढणार नाही म्हणत. आता उद्याची सकाळ ठरली होती, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की या वेळी टाळलंत तर जिवाशी खेळ होईल.

विमानतळाजवळच्या हॉटेलात ती इस्त्रीच्या कामाला होती. दुपारी मजल्यावरच्या मावशींनी गठ्ठा आणून टाकला. "चौथ्या मजल्याचे. साहेब तीन दिवस उतरलेत, उद्या सकाळचं विमान आहे. आजच दे बाई."

निळा शर्ट उलटा केला आणि तिचा हात थांबला. वरच्या बटणामागे चौकड्याच्या कापडाचा नखाएवढा तुकडा. दादाला ते बटण पिळायची खोड, कापडच फाटायचं. म्हणून तो निघाला तेव्हा तिने स्वतः शर्ट शिवून, मागे बाबांच्या जुन्या सदऱ्याचं ठिगळ लावलं होतं.

आला! पहिल्यांदा तिला आनंदच झाला, वेडीला. मग 'तीन दिवस' आठवलं. हॉटेलातून घर म्हणजे चालत वीस मिनिटं.

मशीनच्या मागे जाऊन तिने फोन लावला. "दादा, बाबा तुझ्यासाठी अडून बसलेत. येतोस?"

"अगं, उठलं की सुटलं असं असतं का? साडेपाच तासांचं विमान आहे, कोपऱ्यावरची बस नव्हे."

"हो ना. लांब पडतं तुला."

"तू आहेस ना तिथे. मग मला कसली काळजी?"

बाबांना खरं सांगितलं, तर ते तिसऱ्यांदा ऑपरेशन मोडून दाराकडे डोळे लावून बसणार. तिने फोन ठेवला. टाके उसवून ठिगळ काढून घेतलं, बटण पुन्हा घट्ट लावलं, शर्टाला कडक इस्त्री केली आणि वर पाठवून दिला.

"दादा म्हणाला, माझ्यासाठी थांबू नका, उद्याच करून घ्या," घरी येऊन तिने सांगितलं.

बाबांचे डोळे भरून आले. "बघ! एवढ्या लांबून किती जीव टाकतो. नाहीतर तू. कधी दोन शब्द गोड बोलशील तर शपथ!"

जमा.

सकाळी हॉस्पिटलच्या दारात ती त्यांना गाडीतून उतरवत होती, तेवढ्यात डोक्यावरून एक विमान गेलं. बाबा तिच्या खांद्याला धरून थांबले. कपाळावर हात आडवा धरून बघत राहिले.

"काय सांगावं, राहवलं नसेल त्याला. यातच असेल."

"असेल," ती म्हणाली. "पण हे येणारं नाही, बाबा. जाणारं आहे. पायरी बघा."